कोमाद्रेने दिलेले पराग

तर हेनोवेवाने झाड परत दिलंच नाही. सगळं तिथून सुरू झालं. पण आधी झाड कसलं ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एका निवडुंगासाठी कोणी एवढं करतं का.

आमच्या एल अर्बोलितोच्या डोंगरांवर बिझनागा पुष्कळ. बिझनागा म्हणजे गोल निवडुंग, पायाखाली आला की आईच आठवते. पण त्यातलीच एक जात अशी की ती टोचत नाही. लिंबाएवढी बुटकी, आणि वरून पांढरे बारीक काटे असे घट्ट गुंडाळलेले की वाटावं कोणीतरी दोऱ्याची गुंडी केली आणि मातीत ठेवून विसरून गेलं. नावच तिचं दोऱ्याची गुंडी. फूल गुलाबी, जवळजवळ झाडाएवढंच. आता डोंगर पालथा घातला तरी सापडत नाही, चोरांनी पोत्यांनी नेल्या आणि उरलेल्या संगमरवराच्या खाणीत गेल्या.

ओब्दुलियाच्या अंगणात मात्र दोन होत्या, आणि त्यांचं फूल पांढरं. पांढऱ्या फुलाची गुंडी आमच्याकडे दुसऱ्या कोणी पाहिलीच नव्हती. तिचा बाप अनास्तासिओ खाणीत होता. ज्या कड्यावर त्या दोघी होत्या तो कडा सुरुंगाने उडवायचा ठरला, तेव्हा म्हातारा दोरावरून खाली उतरला, दोन्ही गुंड्या टोपीत घातल्या आणि उघड्या डोक्याने, टोपी पोटाशी धरून घरी आला. दुसऱ्या दिवशी कड्याची भुकटी झाली. म्हणजे जगात त्या रंगाच्या दोनच, आणि दोन्ही ह्यांच्या घरात.

आता ह्या झाडाचं असं असतं की एकट्याला बी धरत नाही. स्वतःचे पराग स्वतःला चालत नाहीत, दुसरं झाड लागतं. आणि पोरं पांढरी हवीत तर दुसरंही पांढरंच हवं. एक गुंडी दर वसंतात फुलायची, दुसरी रुसल्यासारखी नुसती बसून. म्हातारा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायचा, तिला चुनखडीची भुकटी घालायचा, चमच्याने कडेकडेने पाणी द्यायचा, डोक्यावर थेंब पडू द्यायचा नाही कारण दोरे पिवळे पडतात. ती फुलायची वाट बघतबघत तो गेला. आणि तो गेल्यानंतरच्या वसंतात, बघा नशीब, दोघींना एकदम कळ्या आल्या.

नेमकी तेव्हाच हेनोवेवा आली.

हेनोवेवा म्हणजे ओब्दुलियाची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच ताटात जेवलेल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. मग ओब्दुलियाला मुलगी झाली, एदेल्मीरा, आणि बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून हेनोवेवाने तिला हातावर धरलं. झालं, त्या क्षणापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आता कोमाद्रे म्हणजे पाद्र्यासमोर, देवासमोर जोडलेलं नातं. सख्ख्या बहिणीशी भांडलं तर चालतं, कोमाद्रेशी नाही. कोमाद्रेला नाही म्हणायचं नाही, कोमाद्रेशी खोटं बोलायचं नाही, आणि कोमाद्रेला तू म्हणायचं नाही. कालपर्यंतचं अगं-तुगं चर्चच्या पायरीवर संपलं आणि दोघी अहो-जाहो करत घरी आल्या.

"कोमाद्रे," हेनोवेवा म्हणाली, "शुक्रवारी दुःखी मातेची वेदी मांडतेय. पांढरं फूल हवं. तुमच्याकडे दोन आहेत, एक द्या आठवडाभर."

"अहो, कळ्या आल्यात. आत्ता हलवलं तर गळतील."

"मी काय टोपलीत घालून आपटत नेणार आहे का?"

"तसं नाही हो. दोघी पहिल्यांदाच एकत्र फुलणारेत. बाबांनी..."

"नाही कोणाला म्हणताय, मला की मातेला?"

संपलं. ओब्दुलियाने म्हाताऱ्याची रुसकी गुंडी उचलून दिली. वेदीवर मेणबत्त्या, संत्री, गव्हाचे कोवळे अंकुर, आणि मधोमध ते पांढरं फूल. सगळं गाव बघून गेलं. आठवडा झाला. ओब्दुलिया झाड आणायला गेली तर हेनोवेवा म्हणाली, त्याला जरा ऊन लागलंय, सावरू दे. मग म्हणाली, मावशी येणारेय राजधानीतून, तिला बघायचंय. मग म्हणाली, अहो तुमच्याकडे नाहीतरी ते फुलत नव्हतं, माझ्याकडे रमलंय.

आणि पुढच्या वर्षी कादेरेयटात बिझनागांचा मेळा भरला, तिथे पहिल्या टेबलावर निळी फीत लावून ती गुंडी. पुढे पाटी. पाटीवर काय लिहिलेलं? "ला हेनोवेवा. आमच्या घराण्याने शोधलेली." अनास्तासिओचं नाव नाही, टोपीचं नाव नाही, कड्याचं नाव नाही. परीक्षक हेनोवेवाचा हात हलवतोय आणि ती हसतेय, केसांत फूल खोचून.

ओब्दुलिया समोर उभी. आजूबाजूला निम्मं गाव. सगळ्यांना माहीत होतं झाड कोणाचं, आणि सगळे बघत होते ही काय करते.

"अभिनंदन, कोमाद्रे," ती म्हणाली.

"तुमचाच आशीर्वाद, कोमाद्रे."

त्या दिवसापासून ओब्दुलियाच्या छातीत जे काही बसलं ते उठेना. तवा तापवताना तेच, कपडे धुताना तेच. एदेल्मीरा तोवर चांगली वेणी घालण्याएवढी झाली होती. ती म्हणायची, "आई, सरळ मागून घे ना."

"कोमाद्रेकडे मागतात का परत?"

"मग पाद्र्याला सांग."

"पाद्र्याने क्षमा करायला सांगितली तर करावी लागेल. कशाला सांगू?"

बघा, म्हणजे क्षमा करावी लागू नये म्हणून ती कबुलीजबाबाला जायचीच बंद झाली. एवढं.

पण देव म्हणा की सैतान म्हणा, त्याने वाट दाखवली. हेनोवेवाला मेळ्यात लोक विचारायला लागले, बी कधी, रोपं कधी? पांढऱ्या गुंडीची रोपं जिच्याकडे असतील ती राणीच की. हेनोवेवाने सगळ्यांना हो हो म्हणून टाकलं आणि घरी येऊन बघते तर फळ धरत नाही. फूल येतं, मिटतं, वाळतं. मग कोणीतरी तिला अक्कल शिकवली, आणि वसंतात ती एक बारका ब्रश आणि कागदाची पुडी घेऊन ओब्दुलियाच्या दारात.

"कोमाद्रे, चिमूटभर पराग द्या. पोरं दोघींची होतील."

"दोघींची," ओब्दुलिया म्हणाली.

"म्हणजे काय! तुम्हालाही देईन की एखादं रोप."

एखादं रोप. म्हाताऱ्याच्या झाडाचं, ओब्दुलियाच्या परागाचं, आणि हिला एखादं. ओब्दुलियाने ते गिळलं. म्हणाली, "आज फूल पुरतं उघडलेलं नाही. उद्या दुपारी मी स्वतः येते, स्वतःच्या हाताने लावून देते. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसायचं नाही."

"मला सगळं दिसतं," हेनोवेवा म्हणाली. तिला डोळ्यांवरून बोललेलं खपायचं नाही. चष्मा घातला की आपण म्हाताऱ्या दिसतो असं तिचं म्हणणं, आणि त्यापायी एकदा तिने भलत्याच शेळीचं दूध काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओब्दुलिया अंगणात बसली. समोर घरी उरलेली गुंडी, फूल टच्च उघडलेलं, मधोमध पिवळी भुकटी. आणि शेजारी, कुंपणाखाली, कोणी न लावता उगवलेली आकडी. आकडी म्हणजे आपली गल्लीबोळातली बिझनागा, जिचे मधले काटे टोकाला गळासारखे वाकलेले असतात, परकर अडकला की फाटल्याशिवाय सुटत नाही. तीही फुललेली. तिचीही भुकटी पिवळीच.

हेनोवेवा ठेवून गेलेला ब्रश ओब्दुलियाने उचलला. हात गुंडीपाशी गेला, थांबला आणि कुंपणाकडे वळला. तिने आकडीच्या एकेका फुलातून ब्रश असा फिरवला, इतक्या मायेने, जसं काही लेकराच्या डोळ्यांत काजळ घालतेय. पुडी बांधली. अंगावर चांगली शाल घेतली. आणि गेली.

हेनोवेवाने तिला बसवलं, दालचिनीची कॉफी दिली, गूळपाकातले तळलेले बुन्युएलो दिले. खिडकीच्या काचेआड ती गुंडी. ओब्दुलियाने बापाचं झाड कितीतरी दिवसांनी एवढ्या जवळून पाहिलं. चांगलं गुबगुबीत होतं हो, तेच तर दुखलं. तिने हळूच पराग लावले.

"तुमचा हात हलका आहे, कोमाद्रे," हेनोवेवा म्हणाली.

"बाबांकडून आलाय."

आता गंमत बघा. ओब्दुलियाच्या मनात होतं, ह्याच ब्रशाला ह्या फुलाचे पराग लागलेत, घरी जाऊन आपल्या गुंडीला लावू, म्हणजे खरी पोरं आपल्याकडे. पण हेनोवेवा काय कमी आहे? तिने ब्रश काढून घेतला, "माझाच आहे ना, राहू द्या इथे," आणि मग ओला फडका आणून कोमाद्रेची बोटं एकेक करून पुसली. "पिवळी झालीत हो," म्हणाली. नखांच्या आतूनसुद्धा पुसली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या फडक्यापर्यंत ओब्दुलियाच्या मनात कुठेतरी खुटखुट होती. त्या फडक्याने तीही पुसली गेली.

फळं धरली. लाल, लांबट, बारक्या मिरचीसारखी. हेनोवेवाने बी पेरलं आणि उगवलंही भरभरून. कोवळी असताना ही सगळी पोरं सारखीच दिसतात, मऊ पांढरी लव. हेनोवेवा जो भेटेल त्याला सांगायची. चर्चमध्ये सांगायची, गिरणीवर सांगायची. ओब्दुलियाला रोज दोन्ही गालांवर मुके. आणि ओब्दुलिया काय करायची? विचारायची.

"कशी आहेत पोरं, कोमाद्रे?"

"अगदी आईवर गेलीत."

"बापावरही जातील हळूहळू."

दोन वर्षं गेली, वर आणखी काही महिने. ओब्दुलियाने कोणाला सांगितलं नाही, एदेल्मीराला सुद्धा नाही. ती ते मनातल्या मनात चघळायची, आणि तिला खरंच चार घास जास्त जायला लागले. हेनोवेवाने मेळ्यात सगळी रोपं मांडायचं जाहीर केलं. गावात बँडवाले ठरवले. स्वतःच्या हाताने क्रोशाचा एक झिरझिरीत रुमाल विणला, रोपांचं ताट त्याने झाकून न्यायचं आणि सगळ्यांसमोर उघडायचं म्हणून.

क्रोशाचा रुमाल. जाळीजाळीचा.

मेळ्याच्या दिवशी ताट टेबलावर, शेजारी आई-झाड, निळी फीत, तीच पाटी. परीक्षक टोपी काढून उभा. बँडवाल्यांनी सूर लावला. हेनोवेवाने रुमालाची दोन टोकं चिमटीत धरली, मान तिरकी केली आणि झटक्यात रुमाल वर उचलला.

आणि रुमालाबरोबर सगळी पोरं वर. केसाएवढे आकडे आलेले होते ना मधून, आणि रस्ताभर गाडीच्या हादऱ्यांनी ते जाळीत चांगले रुतलेले. वाळूतून मुळांसकट उपटून ती रुमालाला लोंबकळायला लागली, डुलांसारखी. ताट रिकामं. हेनोवेवाला चष्म्याशिवाय दिसेना की झालं काय, ती रुमाल तसाच उंच धरून हसत उभी.

परीक्षकाने एक रोप बोटावर घेतलं. "बाई," तो म्हणाला, "दोऱ्याच्या गुंडीला आकडे कधीपासून यायला लागले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "ही तर आमच्या कुंपणातली." दुसरा म्हणाला, "ला हेनोवेवा नाही, ला आकडी." आणि मग जे हसायला लागले. ढोलवाला हसता हसता ढोलावर पडला. ओब्दुलिया खांबाला टेकून उभी होती, आणि तिला वाटलं, मक्याच्या गरम पेजेचा, आटोलेचा पहिला घोट पोटात उतरतोय. बाबा, बघा. बघा म्हणावं.

पण हेनोवेवा रडली नाही, की पळाली नाही. रुमाल टेबलावर टाकून ती सरळ ओब्दुलियाकडे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोमाद्रे, तुमच्या बाबांनी फसवलं आपल्याला."

"काय?"

"पराग तुम्ही दिलेत, स्वतःच्या हाताने लावलेत. कोमाद्रे कोमाद्रेला खोटं देत नाही. मग खोट कशात? झाडातच. झाडात आकडीचं रक्त आहे. म्हाताऱ्याने कुठलं तरी भेसळीचं झाड आणून पांढरं म्हणून मिरवलं."

आणि लोक माना डोलवायला लागले. खरंच की. कोमाद्रे खोटं देईल असं तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मग राहिलं झाड, आणि झाड आणणारा. एक म्हातारा तर म्हणाला, "अनास्तासिओ तसा थापाड्याच होता."

हे ओब्दुलियाने धरलंच नव्हतं. एवढी वर्षं सूड शिजवला, आणि तो जाऊन बसला बापाच्या डोक्यावर. हेनोवेवाला तर कळलंही नाही की तिला कोणी मारलं.

हेनोवेवाने आई-झाडाची कुंडी उचलली. जवळच एक माणूस नोपालाचे, म्हणजे चपट्या निवडुंगाचे काटे पलित्याने भाजत होता, शेळ्यांना घालायला. तिने कुंडी त्याच्यापुढे धरली. "हेही भाज," म्हणाली. "काटे जळले की शेळीला घाल. लबाड झाड घरात नको."

त्याने पलिता वळवला. पांढऱ्या दोऱ्यांवर उजेड पडला.

"थांब, हेनोवेवा."

कोमाद्रे नाही. अहो नाही. थांबा नाही, थांब. भर मेळ्यात. पलितेवाल्याचा हात जागीच राहिला. एदेल्मीराने आईचा दंड धरला, तिने तो झटकला.

"झाड खरं आहे," ओब्दुलिया म्हणाली. "पराग खोटे होते. मी दिले. माझ्या कुंपणातल्या आकडीचे."

"चुकून?" हेनोवेवाने विचारलं. खरंच विचारलं, तिला अजून वाटत होतं की चूकच असेल.

"चुकून नाही. एकेक फूल शोधून. तू माझ्या बापाचं झाड दाबलंस, त्याच्यावर तुझं नाव चिकटवलंस आणि मला म्हणालीस तुमचाच आशीर्वाद. हा घे आशीर्वाद. तू कॉफी दिलीस ना मला, बुन्युएलो दिलेस, तेव्हा मी ते लावत होते. इतके गोड बुन्युएलो मी जन्मात खाल्ले नाहीत."

आता हेनोवेवाला कळलं. तिचा चेहरा एकेक पापुद्रा सुटावा तसा उतरला, आणि ओब्दुलियाने तो उतरताना डोळे भरून पाहिला. रुमाल वर गेला तेव्हाची मजा काहीच नाही ह्यापुढे. बायका क्रूस करायला लागल्या. परीक्षकाने गुपचूप पाटी उलटी करून ठेवली. अनास्तासिओला थापाड्या म्हणणारा म्हातारा टोपी चाचपत मागे सरकला.

मग हेनोवेवाने कुंडी पलित्यापासून ओढून घेतली. छातीशी धरली. शालीने नाही, स्वतःच्या बोटांनी गुंडीवरची काजळी हळूच पुसली.

"म्हणजे झाड खरं," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

तीही तू म्हणाली. आणि कुंडी घेऊन गाडीत जाऊन बसली.

तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही. एदेल्मीरा बिचारी अधेमधे, आईच्या घरात राहते आणि धर्ममातेला चोरून नमस्कार करते. आता सगळ्या गावाला माहीत आहे की झाड अनास्तासिओचं, पण म्हणून हेनोवेवा देईल का? तिने गुंडी काचेआडून काढली आणि थेट गच्चीवर ठेवली, ओब्दुलियाच्या अंगणातून दिसेल अशी. फुलायच्या दिवसांत वर मलमलीची जाळी बांधते, म्हणजे मधमाशी शिरून पराग इकडचे तिकडे न्यायला नकोत. ओब्दुलिया बघत राहो. ओब्दुलियानेही आपल्या गुंडीवर जाळी बांधली. फुलं दोन्हीकडे येतात आणि दोन्हीकडे वाळतात.

ह्या वर्षी ओब्दुलियाची गुंडी बुंध्याशी तांबूस पडली. म्हातारी झालीय ती. एका बाजूला कललीय, पाणी कमी केलं तरी सुधारत नाही. तरी फूल आलं, आणि परवा दुपारी वारा असा सुटला की हेनोवेवाची जाळी गच्चीवरून उडून चर्चच्या बाभळीत जाऊन अडकली. हेनोवेवा बाजाराला गेलेली.

एदेल्मीरा पळत आली. "आई, तिची जाळी उडाली. माशा बसल्यात फुलावर, मी पाहिलं. तुझी सोड पटकन."

ओब्दुलिया गुंडीजवळ, बापाच्या खुर्चीत. तिने जाळीच्या गाठीला हात घातला. वरून माशा येत होत्या, पायांना पिवळं लागलेल्या. एक तर जाळीवर येऊन बसली आणि आत शिरायला वाट शोधत चालायला लागली.

"सोड ना. मग कधी? पुढच्या वर्षी ही असेल का?"

"इकडे आणेल ती माशी," ओब्दुलिया म्हणाली. "आणि इकडचं तिकडे नेईल."

"नेऊ दे की. दोघींना बी धरेल."

"दोघींना."

गाठ अर्धी सुटली होती. माशी चालत चालत जाळीच्या कडेला गेली, जिथे दोन धागे तुटून बारकं भोक पडलं होतं, आणि तिने डोकं आत घातलं.

ओब्दुलियाने तिला बोटाच्या टिचकीने उडवलं. गाठ पुन्हा आवळली, वर आणखी एक मारली.

"इथे फाटलीय," ती म्हणाली. "जा, सुईदोरा घेऊन ये."